गुरुवार, चार वाजता

जुने शहर, अकोला
१६ जानेवारी २०१८

शालू,

संक्रांत झाली. तुझ्या नावाची तिळगुळाची पुडी अजून टेबलावरच आहे. काकूंची तब्येत बरी असेल. आईनं त्यांना नमस्कार सांगितला आहे.

माझं सगळं बिघडलं ते जूनमध्ये, तुमच्या कृषी केंद्राच्या काउंटरवर, तू माझ्या वेबसाइटवरचं ‘परवानगी द्या’ हे बटन दाबलंस त्या मिनिटाला. तू विचारलं होतंस, “श्याम, हे माझं कॅलेंडर काहून मागून राहिलं?” मी म्हटलं, “फवारणीच्या तारखा टाकाले. दाब ना, भ्यायचं काय त्याच्यात.” कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या पोराची वेबसाइट, आणि तिच्यात पहिलं लॉगिन तुझं. मी दिवसभर हवेत होतो.

इकडे थंडी आहे. मोर्णा नदीत पाणी नाहीच. मी विषय टाळून राहिलो, हे तुला कळलंच असेल.

शालू, तुझ्या मैत्रिणीनं, आरतीनं मला काही सांगितलं नव्हतं. एक शब्द नाही.

तुझा पासवर्ड माझ्याकडे कधीच नव्हता. तो लागतच नाही. तू बटन दाबलं की मेलवाले माझ्या साइटला एक टोकन देतात, चावीसारखं. ते दाखवलं की तुझं कॅलेंडर मला मिळतं, तुला पत्ताही लागत नाही. तारखा टाकायपुरतीच परवानगी मागता आली असती. मी सगळं वाचायचीही मागून ठेवली होती.

ऑक्टोबरात तू फोन उचलणं सोडलंस आणि मी ती चावी लावली. दर गुरुवारी एकच नोंद : ‘चार वाजता, राजापेठ. गावात कळू द्यायचं नाही.’

मला त्यात दुसराच कोणी दिसला. एका गुरुवारी बडनेरा स्टेशनला उतरलो, अमरावतीच्या राजापेठेपर्यंत ऑटो केला आणि भर रस्त्यात तुझ्यावर ओरडलो, “कोण हाये तो? बोलाव त्याले भायेर.”

बाहेर आले ते तुझे बाबा, भगवंतकाका. हातात गोळ्यांची पुडी, मागे मानसोपचाराच्या दवाखान्याची पाटी. म्हणाले, “काय झालं बाबू? पयले पाणी पी.”

बोंडअळीनं गावची कपाशी खाल्ली, बियाणं आपणच विकलं, म्हणून काकांची झोप उडाली होती. ते मला काय माहीत. पण तुमच्या गावचे खुशालराव गाडी थांबवून सगळं पाहत होते. आता म्हणे लोक दुकानात येऊन विचारतात, “भाऊ, तुमचंच औषध चालू हाय का?” आणि काकांनी दवाखाना सोडला.

त्या दिवशी तू विचारलंस, “तुले आरतीनंच सांगतलं ना? तिच्याशिवाय कोणाले माईत नव्हतं.” मी ‘हो’ म्हणून मान हलवली, आणि दोष आरतीवर गेला.

ओरडणं रागात झालं. मान मी शांतपणे हलवली.

आज सगळ्यांची टोकनं रद्द केली, साइट बंद केली, आणि काहून केली ते सगळ्या दुकानदारांना मेलनं कळवलं. तरी माझ्या शब्दावर राहू नको. तुझ्या मेलच्या सेटिंगमध्ये परवानगी दिलेल्या साइटची यादी असते. त्यात माझी दिसली तर तुझ्या हातानं काढ.

हे पत्र घेऊन आधी अमरावतीला आरतीकडे जातो. तिच्यासमोर वाचतो. तिनं आणून दिलं, तरच तुला मिळेल.

या गुरुवारी काकांना घेऊन जा. कोणाला कळणार नाही. मलाही नाही.

निघतो. दार ओढून घेतो.

ज्याला तू परवानगी दिली होतीस, तो
श्याम