गॅरेज रिकामं करण्याचा संकल्प

१४ सप्टेंबर, रविवार
गेल्या हिवाळ्यात शुभा पहाटे हॉस्पिटलच्या ड्युटीला निघाली होती. गाडीवरचा बर्फ खरवडताना घसरली, मनगट मोडलं. यंदा बर्फ पडायच्या आत तिची गाडी गॅरेजमध्ये. देवासमोर बसून शब्द दिला आहे. आत सतरा वर्षांचं सामान आहे. गॅरेज सेल करून, म्हणजे दारातच मांडून विकून, सगळं काढणार. वस्तूंचा मोह मला कधीच नव्हता.

१५ सप्टेंबर, सकाळी
टाउनच्या वेबसाइटवर नियम वाचले. परमिट लागतं. वर्षातून दोनच सेल, प्रत्येकी दोन दिवस. सामान स्वतःच्या घरचं हवं. खांबांवर पाट्या लावायच्या नाहीत. नियम आवडले. याच वीकेंडचा फॉर्म भरणार होतो, पण पितृपक्ष. शुभा म्हणाली, अहो, पितृपक्षात खरेदी करत नाहीत, विकायला काय होतंय? म्हटलं, घेणारा खरेदीच करणार ना? आपल्या दारात त्याला दोष कशाला? ती पोळ्या लाटायला गेली. पटलेलं दिसतं.

२३ सप्टेंबर
दसऱ्याचं परमिट काढलं. २ आणि ३ ऑक्टोबर. मुलगी म्हणाली, बाबा, दॅट्स अ थर्सडे, एव्हरीवन इज ॲट वर्क. मुहूर्त वार बघत नाही.

२ ऑक्टोबर
दसऱ्याला अवजारांची पूजा करायचीच. ड्राइव्हवेवर मांडलेली होतीच: लॉनमोवर, ड्रिल, दोन प्रिंटर, ट्रेडमिल. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. दहाला एक गृहस्थ लॉनमोवर न्यायला आले. पूजलेली वस्तू त्याच दिवशी कशी द्यायची? उद्या या म्हटलं. चहा दिला.

३ ऑक्टोबर
पाऊस. गृहस्थ आले नाहीत. सगळं परत आत. परमिटला पावसाची सवलत नाही. पहिला सेल हा अभ्यास समजावा.

१९ ऑक्टोबर
इथल्या मराठी मंडळाची दिवाळी. सहज बोललो की १ नोव्हेंबरचं परमिट मिळालंय. यंदाच इकडे आलेला यतीन म्हणाला, काय सांगता काका! मग आमचा सोफा ठेवाल ना? नाही म्हणवेना. घरच्या सामानाची अट आठवली. पण मंडळ म्हणजे घरच.

२६ ऑक्टोबर
सोफा आला. मागोमाग तीन घरांतून तीन पाळणे, एक फिश टँक. शुभा गॅरेजच्या दारात उभी राहिली, पाळणे मोजून आत गेली.

१ नोव्हेंबर
टाउनचा इन्स्पेक्टर आला. पाळण्यांकडे बघून विचारलं, मुलं किती? खोटं बोलवत नाही. एकच, कॉलेजात, असं सांगितलं. अकराला सेल बंद. माणूस फार सभ्य. यतीनला सोफा न्यायला फोन केला. म्हणाला, राहू द्या काका, स्प्रिंगमध्ये बघू.

४ डिसेंबर, पहाटे
रात्रीत पहिला बर्फ. शुभाची गाडी साफ करून द्यायला लवकर उठलो. गाडी जागेवर नाही. शेजारच्या मिसेस कार्टरच्या गॅरेजचं दार वर गेलं आणि शुभा आतून गाडी काढत आली. काच खाली करून म्हणाली, काल संध्याकाळी इथे लावली. दसऱ्यालाच विचारून ठेवलं होतं त्यांना. तुम्ही आत जा, गारठाल.

गेलो नाही. फावडं घेऊन मिसेस कार्टरच्या दारातला बर्फ काढायला लागलो. निम्म्यावर कंबर धरली. उरलेला मिसेस कार्टरनी काढला. त्या ब्याऐंशीच्या आहेत.