धुराचं वजन आणि तुझी मेंढरं

द्राक्षमळा, खुलताबाद रोड
ता. २० मे २०२४

चि. कडुबास अक्काचा आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. फोन केला की तू कापतोस, म्हणून सिल्लोडच्या जीपवाल्याजवळ कागद देते. भामाबाई, नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखव, मधी उठू देऊ नको.

उन्हाळा लई वाईट. आमच्या वस्तीवर टँकरची वाट बघण्यातच सकाळ जाते. शहर पार इथवर आलंय. आपली मेंढरं चरायची त्या माळावर प्लॉटांचे दगड रोवलेत. तुमच्या फर्दापूरलाबी गवत उरलं नाय असं कळलं.

आता कामाचं. आमच्या वाइनच्या कारखान्यात पुण्याची सुरेखा नावाची पोरगी आली. एक बाटली वाइन करायला किती डिझेल, वीज, खत लागतं अन् त्यातनं किती कार्बन हवेत जातो, ते मोजायला. म्हणजे धुराचं वजनच. बाहेरदेशी माल विकायचा तर हे सांगावं लागतं म्हणे.

मालक आप्पांनी निरोप दिला, पाहुणी येणार, मळा साफ ठेव. मी बायका लावून छाटणीच्या सगळ्या काड्या गोळा केल्या अन् दिल्या पेटवून. पोरगी गाडीतनं उतरली ती खोकतच. आप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं. ती डोळे पुसत म्हणाली, "मावशी, आता हा धूरही हिशेबात धरावा लागेल."

मोजून झालं तर धुराच्या हिशेबात काचेची बाटलीच सगळ्यात जड निघाली. खालोखाल पोत्यातलं खत. बाटली पातळ करतील, पण खताचं काय? मी बोलून गेले, नव्या लागणीच्या रानात रात्री मेंढरं बसवा. आपला बाप जन्मभर लोकांच्या रानात तेच करत होता. लेंडीखत आपसूक पडतं, पोती कमी लागतात. सुरेखा म्हणाली, मेंढरंही गॅस सोडतात, तोही मोजावा लागेल.

मी म्हटलं, "मोज की. फर्दापुरात काय ती श्वास धरून बसलीत?"

हसली, पण मोजणारच म्हणाली. लई हट्टी आहे. मला आवडली.

आप्पांनी विचारलं, मेंढरं कुणाची? मी तुझं नाव घेतलं. मिरगाच्या आधी भाऊ बिऱ्हाडासकट येतो, असा शब्दबी देऊन बसले. तुला न विचारता. दे शिव्या.

आप्पांच्या शेततळ्यात पाणी आहे. हौद भरून देतील, धान्य देतील. दिवसा डोंगराला चारायचं. मळ्यातला पाला तेवढा तोंडी लागू द्यायचा नाय, त्यावर मोरचूद मारलेलं असतं, मेंढरांना ते विष.

बाप दारूनं गेला अन् बहीण दारूच्या कारखान्यात, तिच्या घरचं पाणी पिणार नाय, असं तू म्हणालास. भाऊबीजेला आला नाहीस. तुझं ताट मी शेजारच्या पोरांना वाढलं, अन् तुला शिव्या घातल्या. बाप माझाबी होता, कडुबा. रान वाळलं तेव्हा जिथं काम मिळालं तिथं गेले. त्याची माफी मागणार नाय.

पण तू यावास.

माझ्या घरचं पाणी नको पिऊ. मेंढरांना तरी इथलं पिऊ दे. मेंढरांभोवती वाघरीची जाळी लावायची जागा मी काल झाडून ठेवली. ह्या खेपेला काडी लावली नाय.

फाट्याकडं बघत काम करणारी,
तुझी कस्तुराअक्का