आवाज न करणारी दारं

१२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

जाळीचं कपाट घरी आलं त्या दिवशी आई म्हणाली होती, "आता पितळ त्यांच्या हाताशी येणार नाही." तू तेव्हा पाळण्यात होतीस. त्याआधी भिंतीवर उघड्या फळ्या होत्या आणि बाबांचा राग चढला की हाताला लागेल ते भांडं आईच्या अंगावर यायचं. जाळी त्यांनी बुक्कीने फाडली, तेव्हा लाकडी दारांचं कपाट आलं. त्याचं एक दार उखडून तिच्या पाठीत घातलं, तेव्हा पत्र्याचं आलं. लोक म्हणायचे, बाई हौशी आहे, सारखं स्वयंपाकघर नवं करते.

स्वयंपाकघरं बसवण्याच्या धंद्यात मी का पडले, हे गिऱ्हाइकांना सांगत नाही. तुझ्याकडे मुद्दाम सॉफ्ट क्लोजची बिजागरं लावली आहेत. दार कितीही जोरात लोटलं तरी शेवटी थबकतं नि अलगद मिटतं. आता तुझ्या नवऱ्याला आपटू दे हवं तेवढं. कशी चालतात ते कळव. आणि ओल्या हातांनी पांढऱ्या रंगाची वाट लावू नकोस.

माया आहेच, तीही जपून वापर.

तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहिते आहे. दारं सुंदर आहेत. शेजारीण नुसती उघडमीट करायला येते. तिला म्हटलं, तिकीट लावीन.

पण ताई, पूर्वी हे बिथरले की आधी कपाटाची दारं आपटायचे. पहिल्याच आवाजाला मी मुलीला शेजारी पिटाळायची, गॅस बंद करायची आणि मागच्या दाराशी जायची. आता काही ऐकूच येत नाही. मंगळवारी चमच्यांची ट्रॉली, तो ओट्याखालचा खण, उघडून उभी होते. हे मागे आल्याचं कळलंच नाही. ट्रॉली सावकाश मिटते ना, म्हणून माझा हात आत धरून यांनी ती गुडघ्याने रेटली. दोन बोटं मोडली. मुलगी ताटली घेऊन तिथेच उभी होती.

ही बिजागरं काढ, जुनी लाव. तुझ्यावर राग नाही. एवढं केलंस की माझं निभेल.

तुझ्या मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझी ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

पत्र वाचलं आणि दुकानातलं नमुन्याचं दार मी हातोडीने फोडलं. कारागीर दचकून मागे सरला, मग त्याने तुकडे झाडून काढले. त्याच्या नजरेत मला बाबा दिसले. माझ्यात ते किती आहेत, याची मला भीती वाटली.

बिजागरं मी बदलणार नाही. आईने जन्मभर कपाटंच बदलली. एका कानाने बहिरी होऊन गेली. कपाट मात्र कोरं करकरीत.

रविवारी टेम्पो घेऊन येते. तुझा नवरा पत्ते खेळायला गेल्यावर. हत्यारं आणणार नाही, नाहीतर तू मला बिजागरांनाच जुंपशील. पुढच्या सीटवर आपण तिघी मावतो. भांडीकुंडी राहू दे त्याला. तू म्हणशील शाळा, म्हणशील लोक, म्हणशील एरवी ते तसे नाहीत. मला पाठ आहे, आईच्या तोंडून ऐकलंय. नाहीच म्हणणार आहेस, तरी मागते. माझ्यावरचा लोभ आटला तरी चालेल. रविवारी मुलीच्या पायात चपला घाल आणि तिला घेऊन फाटकाशी उभी राहा.

तुझी ताई