जाखाईचं खिडकीदर्शन

१४ जुलै १९८१, मंगळवार

मीरासाहेबांना डोळे आले! सकाळी काळा चष्मा लावूनच दार उघडायला हजर. स्वारीचा रुबाब काय विचारता! म्हटलं घरी जा. तर म्हणे, चावडीत तुम्हाला एकटं कसं सोडू? पहारेकरी आमचे, पण वागतात थोरल्या भावासारखे. शेवटी माझ्यापासून लांब बसायच्या अटीवर बाहेरच्या बाकावर बसवलं.

अख्ख्या चाकणात हेच चाललंय. पोरं पिंपरीहून शिफ्ट करून येतात, बसमधून साथ आणतात, घरी वाटतात. आणि त्यात आज मंगळवार! रस्त्याच्या रुंदीत जाखाईचं देऊळ गेलं, तेव्हा गावानं मूर्ती चावडीतल्या आमच्या संग्रहालयात ठेवली ती एकाच बोलीवर — मंगळवारी बायकांना हात लावू द्यायचा. डोळ्यांचा काही त्रास असला की जाखाईच्या चांदीच्या डोळ्यांना बोट लावायचं, तेच आपल्या डोळ्यांना. आज रांग रस्त्यापर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि सगळ्या एकाच जागी बोट लावतायत. धडधाकट होत्या त्याही लावून गेल्या, का तर येऊ नयेत म्हणून! मी नुसती बघत राहिले. भित्री कुठली.

जाखाईची पूजा करणाऱ्या अंबूबाईंनी जाताना माझं मनगट धरलं, वाळून गेलीस म्हणाल्या, आणि पदराखालून दशम्या काढून दिल्या. दशम्या मऊ होत्या. दोन्ही खाल्ल्या.

१६ जुलै

डॉक्टर भेटले दवाखान्याबाहेर. म्हणाले, "इंदुताई, तुमचं संग्रहालय आहे की साथीचं दुकान?" झोंबलं. पण खोटं कुठंय?

नानासाहेबांनी निरोप धाडला — बंद ठेवा. अध्यक्षांना बोलायला काय जातंय! बंद केलं की बोली मोडली. बोली मोडली की गाव जाखाईला घेऊन जाणार, आणि ठेवणार कुठं? चौकातल्या पत्र्याखाली. तिथून चांदीचे डोळे आठवडाभर तरी टिकतील का? आणि ती गेल्यावर आमच्याकडे उरलं काय — एक जातं, चार भांडी, दोन गंजक्या तलवारी. ते बघायला कोण येणार? मीच येणार नाही.

खरं लिहायचं तर मला तिची सवय झालीय. सकाळी आले की पहिली तिच्याशी बोलते.

१७ जुलै

मलाही आले. आधी डावा. आई गुलाबपाणी घेऊन मागे लागलीय. लिहवत नाही.

२० जुलै, सोमवार

निगडीच्या घरून येताना बसमध्ये काळ्या चष्म्यात उभी होते, तेव्हा सुचलं. खिडकी! मागच्या खोलीला गजांची मोठी खिडकी आहे. जाखाईला तिथं आणायचं, वर शंभराचा दिवा लावायचा. बाहेरून पोटभर बघा, पण हात पोचणार नाही.

मीरासाहेब आता बरे आहेत. त्यांनी पुतण्याला बोलावलं, वहाणा काढल्या, 'बिस्मिल्ला' म्हणून हात घातला. मूर्ती जड! ठेवल्यावर घाम पुसत म्हणाले, ताई, हिला इथं उजेड बरा मिळतो. मग मी चांदीचे डोळे उकळलेल्या पाण्यानं स्वच्छ पुसले. पुढच्या लहान गजांच्या खिडकीशी तिची जागा होती, तिथं जातं सरकवलं. माझ्या डोळ्यांचं पाणी थांबलंय. आज झोप छान लागणार.

२१ जुलै, मंगळवार

कसली छान! बायका खवळल्या. देवीला कोठडीत घातली म्हणाल्या. मी समजावत होते, निम्म्या ऐकायलाही लागल्या होत्या. तेवढ्यात नातीचा हात धरून अंबूबाई आल्या. हात लावायचा नाही हे ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि अंगणातूनच मागे फिरल्या. खिडकीपर्यंतसुद्धा आल्या नाहीत!

झालं. अंबूबाईंना पटलं नाही म्हणजे गावाला पटलं नाही. पुढच्या मंगळवारी गाडी आणून जाखाईला नेणार असं ठरवूनच बायका गेल्या. माझ्यावर माया करणाऱ्या बाईनं असं करावं? फार लागलं मनाला.

२४ जुलै

मीरासाहेबांबरोबर अंबूबाईंना बेसनाचे लाडू पाठवले. डबा तसाच परत. हट्टी म्हातारी!

२७ जुलै, सोमवार

आज लवकर आले. मीरासाहेब अजून यायचे होते, माझ्या किल्लीनंच उघडलं. पुढच्या खोलीत जातं पुसत होते, तर खिडकीबाहेर अंबूबाई. एकट्याच. भिंत चाचपत आल्या, गज सापडले, तिथं थांबल्या. हात जोडले — जात्याला!

मला हसूच येणार होतं. मग त्या बोलायला लागल्या.

"ही पोरगी तुला हात लावू देत न्हाई गं. आता तू हायस का न्हाईस, मला कसं कळावं?"

मी समोरच होते, हातात फडकं घेऊन. त्यांचं तोंड अगदी माझ्याकडे होतं. त्यांना मी दिसले नाही.

बाहेर धावले, हात धरला. आधी त्यांनी तो झिडकारला. मग पायरीवर बसून सांगितलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, तीन-चार वर्षं झाली. नुसता उजेड कळतो. घरात एका नातीलाच ठाऊक. गावाला कळलं तर पूजेचा मान त्यांच्या पुतण्याकडे जाईल, म्हणून अळीमिळी गुपचिळी. रागावल्या नव्हत्याच त्या. सगळ्यांना खिडकीतून जाखाई दिसणार होती, आणि त्यांना एकट्यांनाच नाही! मी सुधारणा केली, आणि त्यांचीच देवी हिरावून घेतली. दोघी रडलो. उद्या बायका यायच्या आधी या म्हटलंय.

२८ जुलै, मंगळवार

साबणानं दोघींचे हात धुतले. त्यांचा हात धरून जाखाईच्या कपाळावर ठेवला. नाक, गाल, हनुवटी — किती वेळ! मग म्हणाल्या, बायकांना मी सांगते, साथ सरेपर्यंत खिडकीतूनच बघायचं. जाखाई हितंच ऱ्हाईल.

जायला उठल्या. दारात थांबल्या, वळल्या, आणि तोच हात माझ्या तोंडावरून फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी.

"दोन वर्सं झाली तुला येऊन," म्हणाल्या. "अशी हायस व्हय तू."