दादाच्या हारातला चंद्रहास घाग

कोपरी, ठाणे (पूर्व)

ती. रंभाताईस धाकट्या सखारामचा नमस्कार.

दादाला जाऊन अजून महिना झाला नाही, म्हणून वर ‘श्री’ लिहिलेला नाही. तुझं खुब्याचं हाड जुळतं आहे का? विठ्ठलवाडीहून तेराव्याला येता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तसा दादाही आला नाही. ते कसं, ते सांगतो. (फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.)

नट चंद्रहास घाग तुला आठवत असेल. त्याचे गाजलेले तीन सिनेमे लोकांनी पाहिले. उरलेले एकोणीस दादाने आणि मी पाहिले. ‘धाकटी वेस’मध्ये तो शेवटपर्यंत एका बंद दारासमोर उभा आहे. दार वाजवत नाही, आणि तेवढ्यातूनच सगळं कळतं. (थिएटरात आम्ही दोघे आणि डोअरकीपर. डोअरकीपर झोपलेला.) ‘पायरी नंबर सात’मध्ये तो अकराव्या मिनिटाला मरतो आणि पुढचे दोन तास भिंतीवर हार घातलेला फोटो होऊन राहतो. ही त्याची सर्वोत्तम भूमिका, असं माझं मत आहे. खाली भावाभावांत भांडणं होतात, मुलगी पळून जाते, घर रिकामं होतं, आणि तो नुसता किंचित हसत असतो. दादा म्हणायचा, “सख्या, जिवंतपणी कोणीही अभिनय करील रे. मेल्यावर करून दाखवा.” मोहने गावच्या कारखान्यातली नोकरी संपल्यावर दादाने बाकी विषयांवर बोलणं जवळजवळ सोडलं. घागवर मात्र बोलायचा.

दिसायचाही त्याच्यासारखा. फरक एकच. दादाच्या डाव्या भुवईत खोक होती, लहानपणी तू विटीने पाडलेली.

दादा गेला तेव्हा कल्याणच्या घरात त्याचा एकट्याचा एकही फोटो सापडेना. ऋतुराजने बापाचा मोबाईल उघडला. आत चाळीस फोटो, सगळे घागचे. ऋतुराजने घागचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. त्याने त्यातला एक कृष्णधवल निवडला, बाबांचा तरुणपणचा म्हणून, आणि मोठा करायला दिला. तो नेमका ‘पायरी नंबर सात’मधला होता. स्टुडिओवाल्याने सिनेमातला हार कॉम्प्युटरवर पुसून टाकला (काम सफाईचं), आणि घरी आणल्यावर आम्ही खरा घातला.

तेराव्याला साठ-सत्तर माणसं त्याच्या पाया पडली. मीही पडलो. पोटचा मुलगा फोटोकडे बघून रडत होता. त्याला काय सांगणार? कारखान्यात दादाच्या खात्यातला एक जुना सोबती आलेला. बराच वेळ फोटोसमोर उभा राहून मला म्हणाला, “महिपत शेवटी शेवटी डिट्टो घागसारखा दिसायला लागलेला, नाही?” मी हो म्हणालो.

तर, तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये कानपिळीचा फोटो आहे. दादा तुझ्या यजमानांचा कान पिळतो आहे आणि थेट कॅमेऱ्याकडे बघतो आहे. तो पाठव. यजमानांना त्यातून कापावं लागेल, राग मानू नये म्हणावं. कान मात्र दादाच्या हातात राहील, त्याला इलाज नाही. भिंतीवर आपला माणूस असावा, एवढंच.

तुझा,
सखाराम

ता. क. पत्र लिहून झाल्यावर कल्याणला जाऊन बायजावहिनीला हळूच सगळं सांगितलं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणाली, “राहू द्या भाऊजी. हा निदान हसतो तरी.” तेव्हा भिंतीचं सोड. फोटो माझ्या पत्त्यावर पाठव.

पुन्हा ता. क. वर मी डावी भुवई लिहिलं. पाकीट बंद करताना शंका आली. घागचा चेहरा मी डोळे मिटून काढून देईन. दादाची खोक डावीकडे होती की उजवीकडे, ते आता मला सांगता येत नाही. फोटो सापडायला वेळ लागला तर आधी तेवढं कळव. विटी तू मारलेलीस. तुला तरी आठवत असेल.