सावकाश कर, घाई नाही

१० नोव्हें. वाई
शाळेत दिवसभर बुद्धिमापन. सात मुलं. शेवटची नाझनीन, चौथीतली, वय नऊ. वडील युनूसभाई, गाद्या-उशा भरून विकतात. मुख्याध्यापिका आधीच ठरवून बसलेल्या. "एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात हिला. तुम्ही फक्त आकडा द्या." पोरगी घाबरलेली. पाठीवरून हात फिरवला, धीर दिला, तेव्हा कुठे बसली. लाल-पांढरे ठोकळे चित्रासारखे जुळवायचे असतात, तिथे गडगडली. बुद्ध्यांक ६७. सत्तरच्या खाली, म्हणजे मतिमंदात गणती.
घरी येईपर्यंत चुकल्या-चुकल्यासारखं. का ते कळेना.

१२ नोव्हें. सातारा
केंद्रातून नाझनीनचा अहवाल शाळेला पाठवला. आकडा म्हणजे ठिपका नव्हे, पट्टा. चार-पाच इकडे, चार-पाच तिकडे. तेही लिहिलं. वाचतंय कोण. चहा दोनदा गार झाला.

१४ नोव्हें.
दुपारी दारात युनूसभाई. धंदा बुडवून एस.टी.नं आलेले, बाहीला कापूस तसाच.
"आवं मॅडम, पोरीला मतिमंदांच्या शाळेत घाला म्हणत्यात. हॉस्टेलात ठेवायची म्हणं. माझी पोर येडी न्हाई ओ. उशी शिवती, एक टाका वाकडा न्हाई."
मी पाठ असलेली वाक्यं म्हणत होते. उठता उठता म्हणाले, "तुमच्यावर राग न्हाई. पोर घरी येऊन लय खुशीत सांगत व्हती, त्या बाई म्हणाल्या सावकाश कर, घाई न्हाई. म्हणून मी बगून बगून केलं."
ते गेले.

मग तिची उत्तरपत्रिका काढली. पाच चित्रं. पाचही बरोबर जुळवलेली, पण वेळ उलटून. म्हणून पाचही शून्य, आणि नियमाप्रमाणे तिथेच थांबवलेलं. शेरा माझ्याच अक्षरात: "संथ".
चाचणीच्या पुस्तिकेत छापलंय, "जमेल तितक्या लवकर कर." शब्द बदलायचा नाही, प्रत्येक मुलाला तेच. आणि मी? आई पंगतीत वाढताना म्हणायची, सावकाश होऊ द्या. तेच माझ्या तोंडात बसलंय. मूल घाबरलं की सावकाश कर बाळा, घाई नाही. आणि हातात स्टॉपवॉच! अक्कल कुठे गहाण ठेवली होती?
अकरा वर्षं म्हणतेय हे. फायलींच्या कपाटाकडे बघवेना.

१६ नोव्हें.
सांगलीला सरांना फोन. हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काटा बरोबर होता गं. पारड्यावर अंगठा तुझा होता."
लागलं.
म्हटलं, उद्याच पुन्हा घेते. "तेच ठोकळे? आता तिच्या हाताला माहीत झालेत ते. आकडा वाढेल, पण तोही खोटा. दुसरी चाचणी, दुसरा माणूस. इकडे वैशाली चाचण्या घेते, तिच्याकडे आण पोरीला. आणि आधी तुझा अहवाल मागे घे."
केंद्रात काय म्हणतील ते म्हणोत.

१८ नोव्हें. वाई
पत्र हातोहात दिलं. चाचणी घेण्यात माझी चूक झाली, अहवाल रद्द समजावा. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "नाव पुढे पाठवलंय मी. आणि एकदा तुमचं चुकलं, तर पुढच्या आकड्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा?"
प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला. शेवटी म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत थांबते. सत्तरच्या वर आणा." आणा! भाजी आणायचीय जणू.
वर्गावरून गेले. नाझनीन शेवटच्या बाकावर, एकटी. मागच्या आठवड्यात दुसऱ्या बाकावर होती. मला बघून हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२४ नोव्हें. सांगली
वैशालीनं दार लावून घेतलं. बाहेर मी आणि नाझनीनची आई. त्या ओढणीला पीळ देतायत, मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतेय. पोरगी हुशार आहे असं मला वाटतं. पण वाटणं म्हणजे मोजणं नव्हे. पुन्हा ६७च आला तर? तर तोही मानायचा? मला मापन हवंय की सुटका...
आईनं विचारलं, "मॅडम, आत काय इचारत्यात ओ?" सांगता येत नाही म्हटलं. तेवढा एक नियम पाळला.
तासाभरानं बाहेर आली. गाल लाल.
"ह्या बाई म्हणाल्या लवकर लवकर कर. तुमी तर म्हणला व्हता घाई न्हाई. खरं कुणाचं?"
"त्यांचं. माझं चुकलं होतं."
बघत राहिली. पटलं नसावं. निकाल गुरुवारी.
जिना अंधारा. "सावकाश गं," निघूनच गेलं माझ्या तोंडातून. ती थांबली. कठडा धरून, एकेक पायरी नीट बघून उतरायला लागली. साताऱ्याची गाडी सुटायला दहा मिनिटं होती. घाई कर म्हणायला जीभ उचलेना. तिच्या मागून मीही एकेक पायरी उतरत राहिले.