मागच्या भिंतीशी

चाळीसगावजवळ, १९२८

प्रमिलाबाई,

धुळ्यात ट्रेनिंगला असताना माझ्या पाठाला तुम्ही मागच्या भिंतीशी बसायचात. नंतर एकच गोष्ट सांगायचात, "सुंदर, फळ्याशी बोलू नकोस. मुलींशी बोल."

आज भिकीची बेरीज चुकली. मी 'चूक' म्हटलं नाही. "तुझं एकं बरोबर आलंय, आता दहं बघ," एवढंच म्हणाले. तिनं बघितलं आणि ओरडली, "बाई, हातचा भुली गयू!"

मी लगेच मागं पाहिलं. नुसती भिंत. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, तरी पाहते. माझ्या शिकवण्याला इथं कुणी नावंसुद्धा ठेवत नाही.

सांगा ना, आज माझं कुठं चुकलं?

हे लिहितेय ती पाटी भिकीची आहे. सकाळी तिला लागेल. पुसते.

तुमची विद्यार्थिनी,
सुंदर